दुपदरी

१

खळ तयार झाली की नाही, हे मी वासावरून ओळखतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ तीन दिवस मुरली की तिला किंचित आंबूस वास येतो. तो आला की समजावे, आता हिच्या भरवशावर चित्र सोपवायला हरकत नाही. बेचाळीस वर्षे मी हेच करतो आहे. पहिली दहा चीनमधल्या सूचौमध्ये आणि उरलेली इथे, न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये, दिंग वहिनींच्या सूपच्या दुकानावरच्या मजल्यावर. लोक मला रुआन शिफू म्हणतात. शिफू म्हणजे उस्ताद. पण आमच्याकडे नळ दुरुस्त करणाऱ्यालाही शिफूच म्हणतात, त्यामुळे मी त्याने फार फुगून जात नाही.

माझे काम चित्रांना पाठ देण्याचे. पातळ कागदावर शाईने काढलेले चित्र सुरकुतलेले असते, टांगले तर उभे राहत नाही. त्यावर पाणी फवारायचे, लाल लाकडी टेबलावर ते पालथे घालायचे, पाठीला खळ लावायची, वर दुसरा कागद बसवायचा आणि अलगद उचलून भिंतीवरच्या फळीला कडांनी चिकटवायचे. वाळता वाळता ते ताणत जाते आणि ताणताना बारीक आवाज करते. टक. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक. बायको गेल्यापासून इथे माझ्याशी बोलणारे तेवढेच आहे. म्हणून कदाचित मला तो आवाज इतका आवडतो.

माझा एक दोष आधीच सांगून टाकतो. मला चौकशा फार. लोक चित्र समोरून पाहतात. मला त्याच्या पाठीशी काय आहे ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या धंद्यात हा गुणच म्हणायचा, पण हान यीरूच्या बाबतीत तो गुण नव्हता.

२

यीरू एप्रिलमधल्या एका मंगळवारी आली. बगलेत पुठ्ठ्याची नळी आणि हातात दिंग वहिनींकडून घेतलेले सूप. ती अठ्ठावन्न वर्षांची. सूचौहून इथे येऊन तिला एकतीस वर्षे झाली. आधी कँटनवाल्यांच्या हॉटेलात भांडी घासली, मग कितीतरी वर्षे भर रस्त्यात स्टूल टाकून पर्यटकांचे चेहरे कोळशाने काढले. या सगळ्यातून तिचा हात तयार झाला. कागद आमचा, शाई आमची, पण उजेड गोऱ्यांच्या जुन्या तैलचित्रांतला, एका बाजूने येणारा आणि जमिनीवर खरीखुरी सावली पाडणारा. आमच्या जुन्या चित्रांत डोंगर असतात, माणसे असतात, सावली कोणी काढत नाही. पेपरवाले तिला दोन जगांमधला पूल म्हणतात.

"पूल म्हणे," ती सूप फुंकत म्हणाली. "पुलावर कोणी राहतं का, दादा? लोक नुसते ओलांडून जातात."

"वैतागू नकोस, ग्रेसबाई. म्युझियमवाल्यांनी अख्खं दालन दिलंय ना तुला."

ग्रेस हे तिचे इथले नाव. चित्रावर सही तीच करते, इंग्रजी अक्षरांत. शिक्का मारत नाही. आमच्यात लाल शिक्क्याशिवाय चित्र पुरे झाले असे मानत नाहीत. पण तिच्या वडिलांनी स्वतः कोरलेला तिचा शिक्का सूचौच्या घरी टेबलाच्या खणात राहिला. पुढे वडील गेले, घर पाडले आणि तिथे मोठे दुकान झाले. दुसरा शिक्का तिने कधी करून घेतला नाही.

मी चहा ओतला. तिने दोन बोटे वाकवून टेबलावर वाजवली, टक टक टक. चहा ओतणाऱ्याचे आभार असे मानायचे, ही कँटनच्या लोकांची रीत. आम्हा सूचौच्या माणसांत ती नाही.

"अजून तुझी ती भांडीवाल्यांची सवय जात नाही," मी चिडवले.

"सवय कसली, ती माझी इथली पहिली भाषा. तेव्हा ना इंग्रजी येत होतं, ना त्यांचं कँटनी. बोटांनीच थँक यू म्हणायचे."

मग तिने नळीतून चित्र काढले. इथे आल्यापासून ती ज्या ज्या खोल्यांत राहिली, त्या बारा खोल्यांची ही मालिका. अकरा झाल्या होत्या. ही बारावी, पण मुळात पहिली, तळघरातली. एक खाट, भाताचे भांडे, वर छताशी चिकटलेली खिडकी आणि मध्यभागी खुर्ची. कागद मी बोटांत धरताच ओळखला. दुपदरी होता, जुना, आमच्याकडचा.

"बॅगेच्या तळाशी घालून आणला होता," ती म्हणाली. "एकच ताव. एकतीस वर्षं जपला. याच्या लायकीचं काहीतरी काढीन म्हणून. हे बिघडलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही, दादा. हे दालन मिळायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली."

मी चित्राकडे पाहत होतो. उजेड डावीकडून येत होता. खुर्ची रिकामी होती. जमिनीवरच्या सावलीला मात्र खांदे होते, आणि खांद्यांवर डोके.

"खुर्चीत कोणी नाही," मी म्हणालो.

"नाही."

"सावलीत आहे."

तिने सूप बाजूला सरकवले. "तुला दिसणार हे माहीत होतं मला. मी काढली नाही ती. ब्रश टेकवला आणि शाई तिथपर्यंत पसरत गेली. थांबवता आली नाही."

जुन्या कागदावर शाई अशी पळते. मी तसे तिला सांगितले आणि स्वतःलाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रावर पाणी फवारले आणि टेबलावर पालथे घातले. पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, लाल चौकोन होता.

शाई कागदातून झिरपते आणि पाठीवर फिकी दिसते, ती मला रोजचीच. पण शिक्क्याचा लाल लेप तेलात कालवलेला असतो, तो झिरपत नाही. शिवाय झिरपलाच तर पाठीवरून अक्षरे उलटी दिसायला हवीत. ही सुलटी होती. दोन अक्षरे, यीरू. तिच्या वडिलांना हे नाव कुठून सुचले कोण जाणे. शब्द म्हणून वाचले तर त्याचा अर्थ होतो, 'हीसुद्धा तशीच'.

म्हातारबुवांनी कोऱ्या कागदाच्या मागे खूण म्हणून मारून ठेवला असेल, असे मी ठरवले. ठरवून बरे वाटले. मग सहज त्यावर बोट ठेवले आणि उचलून पाहिले, तर बोट लाल झाले होते. एकतीस वर्षांपूर्वीचा लेप दगडासारखा सुकलेला हवा. पाण्याने तो सुटत नाही, हे शिकाऊ पोरालाही माहीत असते.

मी तिला फोन लावला.

"तू मागच्या बाजूला शिक्का मारलास का?"

"शिक्का आहे कुठे माझ्याकडे? रस्त्यात आहे मी, दादा. काय झालं?"

"काही नाही. मागे तुझं नाव आहे."

पलीकडे बसचा आवाज येत राहिला. मग ती हळू म्हणाली, "जसं आहे तसं पाठ लावून टाक. पदर सोडवत बसू नकोस. ओळखते मी तुला."

"छे, मी कशाला सोडवू?"

तिने फोन ठेवला, तेव्हा माझी बांबूची पट्टी माझ्या हातातच होती.

४

दुपदरी कागद म्हणजे ओले असतानाच एकावर एक बसवलेले दोन ताव. चित्र वरच्यावर काढतात, शाई खालच्यावरही उतरते. हात सराईत असेल तर ते दोन वेगळे करता येतात. पूर्वीचे लबाड कारागीर हेच करायचे. वरचा पदर मालकाला परत आणि खालचा गुपचूप दुसऱ्याला, दोन्ही अस्सल म्हणून. माझे उस्ताद या कामावर थुंकायचे, पण ओळखायचे कसे ते त्यांनी शिकवले होते. खालचा पदर नेहमी फिका असतो. गडद तो वरचा, तोच खरा. आणि आणखी एक सांगितले होते. हा कागद एकदा सुटतो, एकदा पुन्हा चिकटतो. तिसऱ्यांदा भिजवला तर हातात लगदा येतो.

मी नुसता कोपरा सोडवून पाहणार होतो. कोपरा सुटला, मग कड सुटली. अर्ध्यावर आल्यावर थांबणे म्हणजे फाडणेच, असे मी स्वतःला बजावले आणि सोडवत गेलो. खाली दिंग वहिनी कोणाला तरी कोथिंबिरीवरून ओरडत होत्या. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होते. भीती वाटावी असे तिथे काही नव्हते आणि मला ती वाटतही नव्हती. मला फक्त पाहायचे होते.

दोन्ही पदर शेजारी शेजारी भिंतीला लावले आणि चार पावले मागे सरलो.

खालचा पदर गडद होता. काळाभोर. त्याच्या शेजारी वरचा, सहीचा पदर धुऊन काढल्यासारखा दिसत होता. आणि ती खोली तळघरातली नव्हती. खुर्ची तीच, तिथेच. पण खाटेच्या रेघांचे तिथे लांब टेबल झाले होते आणि छताच्या खिडकीच्या जागी आमच्याकडची लाकडी जाळीची खिडकी होती. उजेड उजवीकडून येत होता. खुर्चीत एक बाई बसली होती, समोर तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. अशी समोरून, हात गुडघ्यांवर घेऊन बसलेली माणसे आमच्याकडे फक्त पूर्वजांच्या चित्रांत असतात. वर्षारंभाला ती भिंतीवर लावतात आणि पुढे फळे ठेवतात. हिचा चेहरा काढलेला नव्हता, कागद तेवढा कोरा सोडला होता.

मी चहा करून घेतला आणि डोके लावायला बसलो. जुन्या कागदात शाई तळाला साठली असेल. रेघा पसरून वेगळे आकार झाले असतील. माणूस ढगातही घोडे पाहतो. हे सगळे पटण्यासारखे होते, फक्त शिक्क्याला लागू पडत नव्हते. आणि एक गोष्ट मनातून जाईना. हे दोन ताव कोणी अनोळखी माणसाने माझ्यापुढे टाकले असते आणि खरा कोणता असे विचारले असते, तर मी क्षणभरही विचार न करता गडद ताव दाखवला असता. शाई खालून वर आली, असेच म्हणालो असतो.

५

तिला बोलावणे भाग होते. दुपारी ती आली, दार लोटले आणि दारातच थांबली. मला वाटले, शिव्या घालेल. तिने छत्री भिंतीला टेकवली आणि सरळ गडद तावासमोर जाऊन उभी राहिली.

"ही आमची खोली. सूचौची," ती म्हणाली.

"तुझ्याच मनात असणार. हात आपोआप जातो."

"ही जाळी बघ." तिने खिडकीच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे लाकडाऐवजी बांबूची पट्टी तिरकी ठोकलेली होती. "मी निघाले त्या दिवशी बॅग लागून इथली जाळी मोडली. नंतर बाबांनी बांबू ठोकला म्हणे, फोनवर सांगितलं होतं. मी ते कधी पाहिलं नाही, दादा. तिरका ठोकलाय हे मला कसं माहीत असेल?"

मी पुढे होऊन ती पट्टी जवळून पाहिली. तिरकीच होती.

ती स्टुलावर बसली. "निघायच्या दिवशी सकाळी मी त्या खुर्चीत बसून होते. गाडी खाली आली होती. जावं की राहावं, काही केल्या ठरेना. बाबा काहीच बोलत नव्हते. मग मी उठले." ती हसली, पण ते हसणे नव्हते. "इतकी वर्षं मला एकच शंका येते. उठले ती मीच ना?"

"असं काय बोलतेस? समोर बसली आहेस की माझ्या."

"बसले आहे. पण बघ ना, हिची शाई कशी आहे आणि माझी कशी." तिने आपला फिका ताव दाखवला, कोपऱ्यातली इंग्रजी सही, रिकामी खुर्ची. "पुन्हा चिकटव. आजच. होतं तसं."

"चिकटवतो."

"माझं वर आणि हिचं खाली. ऐकलंस?"

"अगं, बेचाळीस वर्षं मी..."

"बेचाळीस वर्षं राहू देत. म्हणून दाखव."

"तुझं वर," मी म्हणालो.

तिने टेबलावर दोन बोटे वाजवली, टक टक टक. चहा तर मी ओतलाच नव्हता. मग छत्री घेऊन ती गेली. दारातून तिने एकदा भिंतीकडे वळून पाहिले. घरात कोणाला एकटे ठेवून बाहेर पडताना आपण पाहतो, तसे.

६

ती गेल्यावर मी लगेच कामाला लागलो, हे मला माझ्या बाजूने सांगायचे आहे. टाळाटाळ केली नाही. दार लावले, फोन बंद केला, खळ गाळली. पाणी फवारले. एक ताव टेबलावर पालथा घातला, काथ्याच्या ब्रशने सुरकुत्या काढल्या, खळ लावली. त्यावर दुसरा ताव रेघेला रेघ जुळवून बसवला. असे जुळवणे सोपे नसते. तासभर श्वास रोखून काम केले आणि कुठे केसभर फरक पडू दिला नाही. मग पाठीला दोन जाड कागद चढवले, कडांना खळ लावली आणि सगळे उचलून भिंतीच्या फळीवर दाबून बसवले. पाठ भिंतीकडे असल्याने समोर होते ते चित्र, पण मी ते पाहत नव्हतो, कडा पाहत होतो. काम इतके नीट झाले होते की मी स्वतःवरच खूश झालो. हात धुतले आणि खाली सूप प्यायला गेलो.

"आज तोंडावर तेज आहे शिफूंच्या," दिंग वहिनी वाडगा ठेवत म्हणाल्या.

"अवघड काम झालं, वहिनी. डोळे मिटूनसुद्धा हात चुकत नाहीत आता."

बोलता बोलता माझा चमचा थांबला. हात चुकत नाहीत. चिकटवताना पहिला पालथा घालायचा तो ताव समोरचा. पहिला मी कोणता घातला होता? हातांना बेचाळीस वर्षांची शिकवण होती. गडद तो वरचा, तोच खरा.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. भिंतीवर सूचौची खोली होती. जाळीची खिडकी, बांबूची तिरकी पट्टी, कोपऱ्यात, आधी पाठीवर होता तो लाल शिक्का. यीरूचा ताव आत गेला होता. त्याच्या पाठीवर मी माझ्या हाताने दोन जाड कागद चढवले होते.

पाणी फवारायची बाटली मी उचलली आणि पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा भिजवले तर दोन्ही तावांचा लगदा होईल, हे मला उस्तादांनी सांगितले होते आणि मी स्वतः दोनदा करून पाहिले होते. मग मी चित्र जवळून पाहिले. गडद खोलीतली खुर्ची रिकामी होती. ओलीमुळे शाई हलली असेल, असे म्हणत मी बराच वेळ उभा राहिलो. शाई हलते, पसरते, फिकी होते, हे मान्य. पण ती खुर्चीतून उठत नाही.

फोन चालू केला आणि यीरूला लावला. वाजत राहिला. संध्याकाळी तिचा निरोप आला. 'शुक्रवारी येऊन चित्र घेऊन जाईन. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल ऋणी आहे.' यीरू मला निरोप पाठवायची त्यात निम्मी चित्रे असायची, डुकरे, भांडी, रडके तोंड. ऋणी हा शब्द तिने मला आजवर कधी लिहिला नव्हता.

७

शुक्रवारी सकाळी मी चित्र भिंतीवरून कापून उतरवले. वर आणि खाली दांडे बसवले आणि वाट पाहत बसलो. खाली तिचा आवाज ऐकू आला. ती दिंग वहिनींना विचारत होती, वरच्या कारागिराकडे जायचा जिना कोणता. त्या जिन्यावरून ती वीस वर्षे ये-जा करत होती.

ती वर आली. कपडे तेच, चष्मा तोच. केस मात्र कपाळावरून मागे घट्ट बांधलेले, आमच्याकडच्या शाळेतल्या बाई बांधतात तसे.

"रुआन शिफू," ती म्हणाली, "त्रास दिला तुम्हाला."

दादा नाही, आणि 'तुम्हाला'. बोलत होती ती अस्सल सूचौची बोली, मऊ, शब्दाचे टोक लांबवणारी. इथल्या धक्काबुक्कीत ती बोली यीरूच्या जिभेवरून केव्हाच झडून गेली होती. मला वाटले होते, माझी घाबरगुंडी उडेल. खरे सांगतो, तिला शंभर प्रश्न विचारावे असे वाटत होते. तुमच्या त्या बांबूच्या पट्टीतून थंडी येते का? बाबा शेवटी काही बोलले का? इतक्या वर्षांत तिथे दिवस कसा जात होता? एकही विचारला नाही.

चहा ओतला. तिने हात मांडीवर जुळवलेले ठेवले. "आभारी आहे," ती शब्दांनी म्हणाली.

टेबलामागे भिंतीवर टांगून ठेवलेल्या चित्रातून आवाज आला. टक टक टक.

आम्ही दोघांनीही तिकडे पाहिले.

"वाळतंय वाटतं अजून," ती म्हणाली.

"वाळलं, म्हणून तर सकाळी उतरवलं."

"जुना कागद आहे, शिफू. आवाज करतो थोडे दिवस. मग सवय होते त्याला."

मी उठलो. "हे आज नेऊ नका. एक दोष राहिलाय. मला पुन्हा..."

"दोष कुठला?" तिने चित्राच्या कडेवरून बोट फिरवले. "किती छान बसवलंय. अगदी बरोबर ताव वर आलाय. मला भीती होती तुम्ही ऐकाल तिचं."

बोलता बोलता तिने पिशवीतून छोटा दगडी शिक्का काढला, माझ्या पावतीवर मारला आणि फुंकून वाळवला. मी चित्र उतरवून खिडकीपाशी नेले. दांड्याला धरून मी ते उन्हासमोर उभे केले. दोन जाड कागद होते, तरीही उजेड आला. सूचौच्या खोलीमागून, दूर कुठेतरी असावी तशी, तळघरातली खोली दिसली. वर छताशी चिकटलेली खिडकी. खुर्चीत कोणी बसले होते. हात गुडघ्यांवर नव्हते. एक पुढे आला होता, दोन बोटे वाकवून. मी चेहऱ्यापर्यंत नजर नेतो आहे तोवर तिने माझ्या हातातून खालचा दांडा घेतला आणि चित्र गुंडाळायला सुरुवात केली.

मी ते तिच्या हातात जाऊ दिले. अडवले असते तर काय झाले असते, ते मला माहीत नाही. पण मी अडवले नाही, आणि मला त्याची शरम वाटते.

"सूचौची होती का ती? मला कधी बोलली नाही," ती गेल्यावर दिंग वहिनी म्हणाल्या. "आणि बघा ना, काय तरुण दिसायला लागली आहे."

८

प्रदर्शनाचे खूप कौतुक झाले. पेपरात आले की बाराव्या चित्रात ही चित्रकार अखेर घरी पोचली. कोपऱ्यातल्या लाल शिक्क्यावर एकाने अर्धे पान लिहिले. दालनातल्या समारंभात ती सूचौच्या बोलीत बोलली आणि दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितले. आता पूल वगैरे कोणी म्हणत नाही.

दर गुरुवारी मी म्युझियममध्ये जातो. बाराव्या चित्रासमोर बाक आहे. चहाचा थर्मास घेऊन जातो. दारावरचा रखवालदार पहिल्यांदा म्हणाला, आत पिता येणार नाही. मी म्हणालो, पिणार नाही, नुसता ओतणार. आता तो मला ओळखतो आणि दुसरीकडे पाहतो. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून बाकावर ठेवतो. थोड्या वेळाने काचेमागून येते, टक टक टक. मग मी तिला आठवड्याची खबर देतो. दिंग वहिनींनी सूपची किंमत वाढवली, आमच्या गल्लीत कोण आजारी आहे, कोणाची मुलगी पळून गेली. माफीही मागितली आहे. त्यावर काही येत नाही. चहावर मात्र येते.

तिथली खोली कशी आहे, सावली आता कुठे पडते, एकटे वाटते का, हे सगळे मला अजून जाणून घ्यायचे आहे. या स्वभावाला काय करू? विचारत मात्र नाही. तिच्याकडे फक्त टकटक आहे आणि मला ती अशी प्रश्नांवर खर्च करायची नाही.

गेल्या गुरुवारी तीनऐवजी दोनच आल्या. मी नीट ऐकले. बाजूला कोणी बोलत नव्हते. पहिली, दुसरी, आणि पुढे काही नाही. आतला ताव फिका होत जातो, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार?

आजही गुरुवार आहे. मी बाकावर बसून तास झाला. रखवालदार दोनदा पाहून गेला. थर्मास मांडीवर आहे, गरम आहे. मी अजून झाकण उघडलेले नाही.